गावातून फोनवर मानसोपचार घेताय? मग या चुका टाळा

१४४१६ म्हणजे टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, रात्री दोनला पण लागतो आणि मराठीत बोलता येतं. उपकेंद्रातून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टर व्हिडिओवर भेटतात ते वेगळंच. तरी गावात ऐकायला मिळतं, "फोनवर काय होतंय डोंबल!" होतं की. रेंज जाते हे खरंय, पण जास्त वेळा गाडी अडते ती फोनभोवती जमलेल्या माणसांमुळे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्पीकर. सुनेला आठवडाभर झोप नाही, रडू येतंय, आणि फोन लावलाय सासऱ्यांनी, ओसरीवर बसून, स्पीकर ऑन, शेजारची काकू पण तिथेच. ती काय सांगणार? "बरंय" म्हणते आणि कॉल संपतो. त्यापेक्षा आशाताईंना सांगून उपकेंद्रात एखादी खोली मागा, नाहीतर शेतात जिथे रेंज येते तिथे एकटीला बोलू द्या, इअरफोन असेल तर उत्तमच. कुणी हटतच नसेल तर सुरुवातीलाच सांगायचं की आत्ता शेजारी माणसं आहेत, म्हणजे समोरचा हो-नाही मध्ये उत्तर देता येईल असं विचारेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिलाय, घरच्यांनी रुसायचं काही कारण नाही.

उलटी केस पण असते हां. माणूस स्वतःशीच बोलतोय, कुणीतरी मारायला टपलंय म्हणतोय, आणि डॉक्टरला सांगतो मला काहीच झालं नाही. तिथे घरच्यांनी बोलायलाच पाहिजे, फक्त वेगळं बोला, त्याच्या तोंडावर तक्रारींचा पाढा नको.

१४४१६ वर आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर ते पुढे मानसोपचार तज्ज्ञांना जोडून देतात. बरेच जण "डॉक्टर नाहीत का? मग राहू द्या" म्हणून पहिल्या मिनिटाला फोन ठेवतात. थांबा थोडं. आणि कुणी पैसे किंवा ओटीपी मागितला तर तो नंबर खोटा समजून सरळ कट करा.

बोलायच्या आधी कागदावर लिहून ठेवा: कधीपासून त्रास, झोप किती, जेवण किती, बीपी-शुगर-थायरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का, भगताने काही प्यायला दिलंय का. नुसतं "डोकं जड होतंय, हातपाय गळतात" यावरून फोनवर अंदाज बांधणं अवघड असतं. दारू तर अजिबात लपवू नका, झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र पोटात गेली की श्वासावर बेतू शकतं.

आता गोळ्या. डिप्रेशनच्या गोळीचा फरक दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पण मळमळ, सुस्ती हे पहिल्याच आठवड्यात येतं, म्हणून चौथ्या दिवशी "ही गोळी मला सोसत नाही" म्हणत पट्टी फडताळात जाते. बंद करायच्या आधी परत फोन करा. बरं वाटल्यावर पण मनानेच सोडू नका. मेडिकलवाल्याकडे तीच कंपनी नसेल तर आतलं औषध तेच आहे का हे डॉक्टरला पट्टीचा फोटो पाठवून विचारा. काही औषधं फोनवर लिहून द्यायला नियमानेच बंदी आहे, आणि मूड स्थिर ठेवणाऱ्या लिथियमसारख्या गोळीला अधूनमधून रक्त तपासावं लागतं, तेव्हा "तालुक्याला जा" म्हणाले तर टाळाटाळ करतायत असं समजू नका.

कुणी जिवाचं बरंवाईट करायची भाषा करत असेल तर हसण्यावारी नेऊ नका, १४४१६ लावा, त्याला एकटं सोडू नका, आणि फवारणीचं औषध त्याच दिवशी घरातून हलवा, कुलपात ठेवा. पण औषध पोटात गेलंच असेल तर समुपदेशनाचा कॉल नाही, १०८. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, औषधाची बाटली सोबत न्या म्हणजे कुठलं विष ते डॉक्टरला कळतं. पोलीस केस होईल या भीतीने तासभर घालवतात लोक, पण त्याच २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ असं आहे की आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, उलट काही सिद्ध झालं नाही तर त्याला शिक्षा होत नाही.