कोल्हापुरात समुद्राचा माग : एक पायी भटकंती

कोल्हापूरला समुद्र नाही. रत्नागिरीचा किनारा येथून रस्त्याने सुमारे १३० किलोमीटरवर आहे आणि मध्ये सह्याद्री उभा आहे. तरीही पश्चिम किनाऱ्यावरील प्राचीन व्यापाराचा एक बोलका पुरावा याच शहरात, पंचगंगेच्या काठी, मातीखाली सापडला. तो पुरावा, तो सापडला ती जागा आणि त्यानंतरचा इतिहास अर्ध्या दिवसात पायी पाहता येतो. त्यासाठी हिवाळा निवडावा, कारण पावसाळ्यात पंचगंगा घाट पाण्याखाली जातो. सोमवार मात्र टाळावा, कारण त्या दिवशी टाउन हॉल संग्रहालय बंद असते.

सुरुवात सीपीआर रुग्णालयासमोरच्या टाउन हॉलपासूनच करावी. चार्ल्स मँट यांनी आखलेली ही गॉथिक धाटणीची इमारत १८७० च्या दशकातली आहे. तिचे कौतुक बाहेर येताना करावे. आत गेल्यावर आधी ब्रह्मपुरीच्या उत्खननातील वस्तूंकडे वळावे. तेथे पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती आहे. ती वीतभरही उंच नाही, त्यामुळे भव्य काहीतरी शोधणारी नजर तिच्यावरून सहज पुढे जाते. मूर्तीसमोर थोडे थांबून खांद्यांची ठेवण आणि शरीराचा कललेला तोल पाहावा. दख्खनच्या मूर्तिकलेशी परिचय असणाऱ्याला हे काम परक्या हातचे आहे, हे लगेच जाणवते. तिच्याबरोबर रोमन बनावटीची कांस्यभांडी आणि आरसेही मिळाले. भूमध्य समुद्राकडून मोसमी वाऱ्यांवर आलेला हा माल कोकणातल्या बंदरात उतरून घाट चढला असला पाहिजे.

प्राचीन काळी या भागावर राज्य करणाऱ्या कुर राजांच्या शिशाच्या नाण्यांची माहितीही येथेच करून घ्यावी. धनुष्यबाण कोरलेल्या या नाण्यांवर विळिवायकुर हे नाव येते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमीने हिप्पोकुरा या नगरीचा राजा बलिओकुरोस असल्याचे लिहिले आहे, आणि तो हाच विळिवायकुर असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. अलेक्झांड्रियात बसलेल्या टॉलेमीला घाटमाथ्यावरच्या राजाचे नाव कळते, ते खलाशी आणि व्यापारी यांच्यामुळेच, एवढे लक्षात ठेवले तरी पुढची पायपीट सार्थकी लागते.

तेथून शुक्रवार पेठेतून पंचगंगेकडे चालत जावे. नदीकाठची ब्रह्मपुरी टेकडी आज वस्तीने इतकी वेढली आहे की पत्ता विचारावाच लागतो, आणि पाहण्यासारखे अवशेष आता वर फारसे उरलेले नाहीत. म्हणूनच संग्रहालय आधी आणि टेकडी नंतर, हा क्रम मोडू नये. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये येथे उत्खनन केले आणि सातवाहनकाळापासून बहमनी काळापर्यंतच्या वस्तीचे थर उजेडात आणले.

टेकडीवरून शिवाजी पुलावर यावे. पाणी पुलाच्या ठरावीक खुणेला टेकले की ‘मच्छिंद्री झाली’ म्हणणारे कोल्हापूरकर पुरात येथेच गर्दी करतात. एरवी मात्र पुलावरून पश्चिमेकडे पाहायला कोणी थांबत नाही. पन्हाळ्याचा आणि पुढे आंबा घाटाने रत्नागिरीचा रस्ता याच बाजूने जातो. नैऋत्येकडे गगनबावड्याहून घाट खाली उतरले की खारेपाटण लागते. तेथे मिळालेल्या शिलाहार राजा रट्टराजाच्या इ.स. १००८ च्या ताम्रपटात परदेशातून येणाऱ्या जहाजांवरील सुवर्णकराचा उल्लेख आहे.

शेवटचा टप्पा भवानी मंडप आणि जुना राजवाडा. देवदर्शनाच्या गर्दीत हे कोणाच्या मनात येत नाही, पण सिंधुदुर्ग आणि मालवण हे दीर्घकाळ करवीर, म्हणजे कोल्हापूर, संस्थानाच्या ताब्यात होते. इंग्रजांनी १७६५ मध्ये सिंधुदुर्ग जिंकून त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले, नंतर तो करवीरकरांना परत केला आणि १८१२ च्या तहाने मालवणसह कायमचा घेतला. करवीरचा समुद्राशी थेट संबंध त्या तहाने तुटला.

हा धागा पुढे न्यायचा असेल, तर मालवणला मुक्कामाने जावे. किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, म्हणून जून ते सप्टेंबर हे महिने सोडावेत आणि निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पाहून घ्यावी. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकांवर कालवे (खाण्याचे शिंपले) फोडून आतला गर काढणाऱ्या बायका दिसल्या, तर विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये. ते त्यांचे कामाचे तास असतात आणि पाणी परत यायला लागले की काम थांबते. कालवांच्या कडा धारदार आणि खडक निसरडे असतात, तेव्हा कोल्हापुरी पायताण खोलीवर ठेवून पकड असणारे बंद बूट घालावेत.