इलँग-इलँगचं तेल : थेंब मोजून वापरा

सांगलीत विश्रामबागेत माझं पार्लर आहे, सतरा वर्षं झाली. डोक्याच्या मालिशच्या तेलात मी इलँग-इलँग या सुवासिक फुलांच्या झाडाच्या तेलाचे थेंब घालते. नेहमीच्या बायका वासावरून ओळखतात आणि विचारतात, "ताई, हे घरी कसं करायचं?" केसांत हात असताना अर्धवटच सांगून होतं, म्हणून एकदा नीट लिहिते.

झाड मूळचं फिलिपिन्स, इंडोनेशियाच्या बाजूचं. तेल मात्र मुख्यतः कोमोरोस आणि मादागास्कर या बेटांवरून येतं. तरी आपल्याला ते अगदी परकं नाही. सीताफळाच्या कुळातलं झाड आहे, आणि आपला हिरवा चाफाही त्याच कुळातला. तासगावला माझ्या माहेरी परसात हिरवा चाफा होता. हिरवी फुलं पानांत दिसायचीच नाहीत, पण पिवळी पडू लागली की पिकल्या फळासारखा वास घरात यायचा. आई म्हणायची, "हिरवं तोडू नका गं, अजून वास धरला नाही त्यानं." इलँग-इलँगचंही तसंच आहे. फूल हिरव्याचं पिवळं झालं की खुडतात, तेही भल्या सकाळी, आणि लगेच वाफेवर चढवतात.

इथेच विकत घेण्याची गोम आहे. फुलांतून तेल निघायला बरेच तास लागतात आणि ते टप्प्याटप्प्यानं वेगळं काढतात. पहिल्या धारेचं ते 'एक्स्ट्रा': नाजूक, फुलांचा वास भरपूर, सगळ्यात महाग. अत्तरवाले तेच मागतात. मग पहिला, दुसरा, तिसरा दर्जा. तिसरा जड वासाचा, साबणात जातो. सगळ्या धारा एकत्र असतील तर 'कम्प्लीट'. घरच्या तेलासाठी मी कम्प्लीटच घ्यायला सांगते, वास टिकतो आणि खिशाला झेपतं. बाटलीवर 'कनांगा ओडोराटा' हे झाडाचं नाव, देश आणि दर्जा लिहिलेला हवा. नुसतं 'फ्रॅग्रन्स ऑइल' लिहिलं असेल तर तो बनवलेला वास आहे. बाटली काचेची आणि गडद रंगाचीच घ्या. घरी आणल्यावर एक थेंब कोऱ्या कागदावर टाकून ठेवा. दोन दिवसांनीही पुरीच्या कागदासारखा तेलकट डाग तसाच असेल, तर साधं तेल मिसळल्याचा संशय घ्यायला जागा आहे.

आता मुख्य गोष्ट. हे तेल कधीही थेट अंगाला लावू नका. माझ्या नणंदेनं लग्नाला निघताना अत्तरासारखं मानेवर लावलं. बाटली मीच दिली होती आणि सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी कानाखाली लाल चट्टे, मग आठवडाभर खाज. हे तेल काहींच्या कातडीला ॲलर्जी आणतं, म्हणून त्याचं प्रमाण शंभर भागांत एक भागाच्याही खाली ठेवायचं. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, त्यावरून हिशेब करा.

डोक्यासाठी माझं प्रमाण : लाकडी घाण्याचं खोबरेल १०० मिलि, त्यात दहा थेंब. एवढंच. डिसेंबरात खोबरेल थिजतं, तेव्हा पुष्कळजणी भांडं गॅसवर ठेवतात. तसं करू नका, फुलांचा वास वाफेबरोबर उडून जातो. बाटली कोमट पाण्याच्या तांब्यात उभी करा, तेल पातळ झालं की तळहाताखाली फिरवून घ्या. थेंब टाकताना बाटली एकदम उपडी करू नका, तिरकी धरून थांबा. पहिला थेंब यायला वेळ लागतो आणि मग दोन-तीन पाठोपाठ येतात, मोजणी तिथेच चुकते. हातापायांना लावायचं असेल तर ३० मिलि तिळाच्या तेलात तीन थेंब पुरेत. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस बघा.

यानं केस वाढतात का, असं हमखास विचारतात. मी तसं सांगत नाही, कारण त्याचा भक्कम पुरावा नाही. मालिशनं डोकं हलकं होतं, वासानं मन निवतं, हे मात्र मी रोज बघते. बोलत बोलत आलेली बाई पाचव्या मिनिटाला गप्प होते आणि तिचे खांदे खाली येतात. या वासानं नाडी आणि रक्तदाब थोडा उतरतो, असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय. म्हणून बीपीची गोळी सोडायची नाही, आणि मुळात बीपी कमी असेल तर जपून वापरा.

खोलीत वास हवा असेल तर डिफ्यूझरच्या (वास पसरवणाऱ्या उपकरणाच्या) पाण्यात दोन थेंब, अर्धा तास, खिडकी किलकिली ठेवून. जास्त झालं की डोकं चढतं, मळमळतं. नुसता वास फार गोड वाटतो तेव्हा मी दोन थेंब संत्र्याचं किंवा एक थेंब वाळ्याचं तेल घालते. वाळ्यानं त्याला मातीचा गारवा येतो, उन्हाळ्यात मला तोच आवडतो. मोगऱ्याची आठवण येत असेल तर नवल नाही, मोगऱ्याच्या वासातलं बेंझिल ॲसिटेट यातही आहे.

पोटात घ्यायचं नाही, कुणी काहीही सांगो. तान्ह्या बाळाजवळ नको, गरोदर बाईनं डॉक्टरांना विचारावं, घरात मांजर असेल तर डिफ्यूझर लावूच नका. बाटली उन्हाळ्यात फ्रिजच्या दारात ठेवा. रबराच्या ड्रॉपरचं झाकण लावून ठेवू नका, या तेलानं रबर चिकट होतं.

एक उपयोग मला पुरानं शिकवला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावभागातल्या आमच्या जुन्या घरात पाणी शिरलं. लाकडी कपाटाचा कुबट वास दिवाळीपर्यंत गेला नाही. आधी मी नुसतेच थेंब टाकून बघितले; कुबट आणि गोड मिळून आणखी वाईट झालं. बुरशी वासानं मरत नाही. मग फळ्या काढून उन्हात वाळवल्या, आतून घासल्या, पुन्हा वाळवल्या, आणि त्यानंतर वाटीत कापसाचा बोळा ठेवून त्यावर तीन थेंब टाकले. आता दर पंधरा दिवसांनी बोळा बदलते. वाटी खालच्या कप्प्यात कोपऱ्यात ठेवा आणि रेशमी साडी त्याला टेकू देऊ नका. माझ्या आईच्या इरकलीच्या काठावर पडलेला पिवळट डाग अजून निघालेला नाही.