श्रीलंकेतल्या यादवी युद्धावर लिहिताना या चुका टाळा

सिंहली बहुसंख्याकांचं सरकार आणि वेगळं तमिळ राष्ट्र मागणारी सशस्त्र संघटना लिट्टे यांच्यातल्या श्रीलंकेच्या यादवीबद्दल आपल्याकडे लिहिताना बऱ्याचदा सुरुवातच चुकते. २३ जुलै १९८३ ला उत्तरेतल्या तमिळबहुल जाफन्याजवळ तिरुनेलवेलीत लिट्टेने १३ सैनिक मारले, कोलंबोत दंगली पेटल्या आणि युद्ध सुरू झालं, अशी ती मांडणी. तारीख बरोबर आहे, पण त्यात कारण कुठेच सापडत नाही.

कारण हवं असेल तर १९४८ पर्यंत मागे जा. स्वातंत्र्याच्या त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा आला आणि चहाच्या मळ्यांत राबणारे लाखो तमिळ मजूर कुठल्याच देशाचे राहिले नाहीत. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. जाफन्यातल्या शिकलेल्या घरांची सारी भिस्त सरकारी नोकरीवर होती, तीच हातची जाऊ लागली. तमिळ भागांना थोडी स्वायत्तता देणारा, पंतप्रधान बंडारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांच्यातला १९५७ चा करार भिक्खूंच्या आणि विरोधकांच्या दबावापुढे वर्षभरही टिकला नाही. पुढे सत्तरच्या दशकात विद्यापीठ प्रवेशासाठी तमिळ माध्यमाच्या मुलांना जास्त गुण लागू लागले. १९८१ मध्ये जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय जाळलं गेलं; सुमारे ९७ हजार पुस्तकं आणि हस्तलिखितं राख झाली. तरुणांनी बंदूक का उचलली, याचं उत्तर सनदशीर मागण्यांच्या या वारंवार झालेल्या अवहेलनेत आहे.

आणि जुलै १९८३ ला नुसती 'दंगल' म्हणू नका. कोलंबोत जमावांच्या हातात मतदार याद्या होत्या. त्या पाहून तमिळांची घरं आणि दुकानं हुडकली गेली.

तमिळ म्हणजे लिट्टे, ही दुसरी चूक, आणि ती दोन्ही बाजूंचे लोक करतात. प्रभाकरनच्या लिट्टेने १९८६ मध्ये टेलो या दुसऱ्या तमिळ संघटनेचा काटा काढला. १९८९ मध्ये संसदीय मार्गाने चालणारे ज्येष्ठ तमिळ नेते अमिर्तलिंगम यांना गोळ्या घातल्या. ऑक्टोबर १९९० मध्ये उत्तरेतल्या हजारो मुसलमानांना घरंदारं सोडून जायला लावलं. तेही तमिळच बोलणारे होते. शाळकरी पोरं जबरदस्तीने लढाईत ओढली. सरकारने केलेला अन्याय सांगताना हे झाकून ठेवलं, तर मधे सापडलेल्या सामान्य तमिळ माणसावरच दुसऱ्यांदा अन्याय होतो.

भारतीय शांतिसेनेचा भाग एक तर वगळला जातो, नाहीतर दोन ओळींत उरकला जातो. जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर आपलं सैन्य लिट्टेची शस्त्रं खाली ठेवून घ्यायला गेलं आणि ऑक्टोबरपासून त्यांच्याशीच लढू लागलं. मार्च १९९० मध्ये ते परतलं तेव्हा सुमारे १,२०० जवान गेले होते. त्यांतले मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. लिट्टेशी लढण्यासाठी गेलो, असं लिहाल तर मूळ उद्देशच उलटा होईल.

सगळ्यात घातक चूक शेवटाची. 'राजकारण्यांनी हात मोकळे सोडले आणि लष्कराने लिट्टेला तीन वर्षांत संपवलं', हे वाक्य आपल्याकडे काश्मीरच्या चर्चेतही ऐकू येतं. पण मार्च २००४ मध्ये लिट्टेचा पूर्वेचा सेनापती करुणा फुटला आणि संघटनेचा मोठा डोलारा तिथेच खचला. २००६-०७ मध्ये नौदलाने भर समुद्रात शस्त्रांची जहाजं बुडवली. युरोपीय संघाने आणि कॅनडाने लिट्टेवर बंदी घातल्यावर पैशाची वाट अरुंद झाली. नोव्हेंबर २००५ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवर लिट्टेनेच तमिळांना बहिष्कार टाकायला लावला आणि पुढे हे युद्ध शेवटाला नेणारे महिंदा राजपक्षे निसटत्या मतांनी निवडून आले, ही तर त्यांची स्वतःची करणी.

त्या विजयाची किंमत लिहिल्याशिवाय लेख पुरा करू नका. २००९ च्या पहिल्या महिन्यांत लाखो लोक मुल्लैतिवूच्या किनारपट्टीत कोंडले गेले. सरकारने स्वतः जाहीर केलेल्या 'नो फायर झोन'मध्ये तोफगोळे पडत होते आणि पळू पाहणाऱ्यांवर लिट्टे गोळ्या झाडत होती. १८ मेला मुल्लिवायक्कालमध्ये लढाई थांबली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये या अखेरच्या टप्प्यात ४० हजारांपर्यंत नागरिक मेले असू शकतात असं म्हटलं. श्रीलंका सरकारने ते मानलं नाही. आकडा द्याल तिथे तो कुणाचा आणि कोणत्या साली दिलेला, हे त्याच वाक्यात लिहा.