‘टु किल अ मॉकिंगबर्ड’: खटला वाचताना एकटेपणा कसा शोधाल

हार्पर लीच्या या १९६० सालच्या कादंबरीत ३१ प्रकरणं आहेत. मायेला या गोऱ्या तरुणीवर बलात्कार केल्याच्या खोट्या आरोपावरून टॉम या काळ्या माणसावर खटला चालतो, त्याचे साक्षीपुरावे १७ ते १९ मध्ये येतात. निकाल आधीच माहीत असला तरी ही तीन प्रकरणं सावकाश, शक्यतो एका बैठकीत वाचा.

सुरुवात मायेलाच्या साक्षीपासून करा, कारण ती खोटं बोलते एवढ्यावर बहुतेक वाचक थांबतात. पेन्सिल घेऊन समासात तीन खुणा करा. आधीच्या १७ व्या प्रकरणात तिच्या कचराडेपोमागच्या घराच्या कुंपणाशी सहा भांड्यांत निगुतीनं वाढवलेली जिरेनियमची फुलझाडं. टॉमचा वकील ॲटिकस तिला अदबीनं हाक मारतो ते तिला चेष्टा वाटतं, इतकी तिला आदराची सवय नाही. मैत्रिणींबद्दलचा प्रश्नही तिला टोमणाच वाटतो. मग १९ व्या प्रकरणात टॉमची साक्ष: भावंडांना आइसक्रीमला धाडण्यासाठी तिनं वर्षभर नाणी साठवली होती. तिची कीव आली, असं टॉम सांगतो आणि तिथेच फसतो. काळ्या माणसानं गोऱ्या बाईची कीव करणं त्या काळच्या अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात अक्षम्य होतं. तिच्याबद्दल कणव वाटली तरी टॉमवरचा अन्याय तसूभरही हलका होत नाही, हे मात्र सोडू नका.

आता मागे जा. घराबाहेर न पडणारा शेजारी बू रॅडली, त्याच्या एकटेपणासाठी प्रकरण ७ पुरे: ज्या झाडाच्या ढोलीत तो ॲटिकसच्या मुलांसाठी भेटी ठेवतो, ती सिमेंटनं बुजवतो त्याचा सख्खा भाऊ.

वर्गभेदासाठी प्रकरण २३ वाचा. ॲटिकसची मुलगी स्काउट हिला, वर्गातल्या वॉल्टर कनिंगहॅमला घरी बोलवायला आत्या अलेक्झांड्रा नकार देते. तो गोरा आहे, पण गरीब.