अमेरिकेतील राज्ये आपली जलगुणवत्ता मानके कशी तपासतात
अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ जल कायद्यानुसार प्रत्येक राज्याला दर ३ वर्षांनी किमान एकदा जाहीर सुनावणी घेऊन आपली मानके, म्हणजे पाण्याचा ठरवलेला वापर आणि त्यासाठीच्या प्रदूषणाच्या मर्यादा, तपासावी लागतात. सुरुवात आकड्यांपासून नव्हे, तर वापरापासून करावी: नदीच्या ज्या पट्ट्यात मुले डुंबतात, तो पोहण्यासाठी नोंदवलेला आहे का, हे आधी पाहावे, मगच तिथे विष्ठेतून पाण्यात येणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंची मर्यादा, उदाहरणार्थ अमेरिकेच्या केंद्र सरकारने शिफारस केलेली १०० मिलिलिटरमागे १२६ जिवाणू ही भूमितीय सरासरी (नमुन्यांच्या आकड्यांचा गुणाकार करून त्याचे मूळ काढून मिळणारी सरासरी), ठरवण्याला अर्थ येतो. केंद्राची नवी शिफारस स्वीकारायची नसेल, तर राज्याला त्याचे कारण द्यावे लागते, आणि सुनावणीला जाणाऱ्याने आधी तेच वाचावे. सुधारित मानके राज्याने अंतिमतः स्वीकारल्यापासून ३० दिवसांत केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेकडे मंजुरीसाठी पाठवावी लागतात.