इंदूरच्या हवेत सयामी मांजरीचं बाळंतपण

पिल्लं कोणत्या महिन्यात हवीत ते आधी ठरवा आणि तिथून मागे मोजत या. सयामी मांजर साधारण ६५ दिवस गाभण राहते, दोन-तीन दिवस इकडेतिकडे. इंदुरात १५ डिसेंबरच्या सुमाराला बोका दाखवला तर पिल्लं फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येतात आणि मे तापायच्या आत आपलं आपण खायला लागतात. मार्चमध्ये दाखवला तर ऐन मे महिन्यात बाळंतपण. थंडीतल्या पिल्लाला ऊब देता येते. चाळिशीपार गेलेल्या पाऱ्यात कूलरच्या ओलसर हवेत पाजणारी मांजरी सांभाळणं जास्त अवघड. ती खाणं टाकते आणि दूध आटतं. पावसाळ्यातली पिल्लंही टाळलेली बरी, दमट हवेत गजकर्ण झपाट्याने पसरतं आणि घरातल्या माणसांनाही होतं.

सयामी मादी लवकर वयात येते, कधी पाचव्याच महिन्यात. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बोका दाखवू नका. माजावर आली की लोळते, मागचा भाग वर करते आणि तान्हं मूल रडावं तशी रात्रभर ओरडते. नवख्यांना वाटतं पोटात दुखतंय. बोका न मिळाल्यास दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच, कारण मांजरीचं बीज समागमानंतरच सुटतं. माज लांब दिवसांशी बांधलेला असतो, पण घरातल्या दिव्यांमुळे तो हिवाळ्यातही येतो. ओरडणं थांबवायला हार्मोनच्या गोळ्या देऊ नका, त्यांनी गर्भाशयात पू होण्याचा आणि स्तनांत गाठी येण्याचा धोका वाढतो. पिल्लं नको असतील तर नसबंदी करून मोकळं व्हा.

बोका निवडताना निळे डोळे आणि काळं तोंड एवढ्यावर जाऊ नका. लांब केस आणि चपटं नाक दिसलं तर तो पर्शियनचा संकर. सख्खी भावंडं किंवा बाप-लेक अशी जोडी लावू नका. दोघांचंही लसीकरण झालेलं हवं आणि ल्युकेमिया व एफआयव्ही या मांजरांच्या विषाणूजन्य रोगांची रक्ततपासणीही. सयामीत हळूहळू आंधळेपणा आणणारा दृष्टिपटलाचा आनुवंशिक आजार आढळतो. त्याची जनुकीय चाचणी होते आणि ती करून घ्यावी. तिरळे डोळे आणि शेपटीच्या टोकाची गाठ एके काळी या जातीची ओळख समजली जायची, आता तो दोष धरतात.

माजाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मादीला बोक्याच्या घरी न्या, उलट नको. परक्या घरात बोका बिचकतो. दोन-तीन दिवस ठेवा, एका भेटीत काम होईलच असं नाही. समागमानंतर मादी किंचाळून पंजा मारते, म्हणून बोक्याला उडी मारून बसायला उंच फळी हवी. परत आणल्यावर आठवडाभर दारं-खिडक्या बंद. माज लगेच ओसरत नाही आणि गल्लीतला बोका गाठ पडला तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होतात.

तसं झालंय का ते रंगावरून कळतं. सयामीचा ठसा मागे दबणारा गुण आहे: आई-बाप दोघंही सयामी असतील तर सगळी पिल्लं सयामी रंगाचीच. बाप गावठी असेल आणि त्याच्यात तो गुण लपलेला नसेल, तर त्याचं एकही पिल्लू तसं होत नाही. सयामी रंगाची पिल्लं जन्मतः सगळी पांढरीच असतात, कारण रंग बनवणारं विकर फक्त थंड भागात काम करतं आणि पोटात सगळीकडे सारखीच ऊब. मग कान, नाक, पाय, शेपूट काळपट होत जातात. सीलचा (गडद, काळपट तपकिरी) रंग पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दिसू लागतो, चॉकलेट आणि लायलॅक या फिक्या रंगांना बरेच आठवडे लागतात; तोवर कुणाला रंगाचा शब्द देऊ नका. नसबंदीसाठी भादरलेल्या जागी काळे केस आले तर घाबरू नका, उघडी कातडी थंड पडते म्हणून तसं होतं. पुढच्या केसगळतीत रंग परत येतो.

गाभणपणाच्या तिसऱ्या आठवड्यात सड गुलाबी होतात. त्याच सुमारास सोनोग्राफी करता येते. पिल्लं किती ते पंचावन्नाव्या दिवसानंतरच्या एक्सरेत नीट मोजता येतं, आणि हा आकडा बाळंतपणाच्या रात्री लागतो. चौथ्या आठवड्यापासून किटन फूड (पिल्लांसाठीचं तयार खाणं) द्या, शेवटी नेहमीच्या दीडपट आणि पाजताना दुप्पट-तिप्पट. घरात अंडंसुद्धा येत नसेल तर या पिशवीवर निभावतं, पण दूध-पोळीवर नाही: टॉरिन हे मांजरीला लागणारं पोषकद्रव्य मिळालं नाही तर डोळे आणि हृदय बिघडतं, पिल्लं अशक्त होतात. कांदा-लसणाचा रस्सा नको. कॅल्शियमच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका. गाभणपणी जादा कॅल्शियम दिलं की शरीर हाडांतलं काढायला विसरतं आणि पाजताना झटके येतात.

खोकं ६० × ४५ सेंटिमीटरचं, उंबरा १० सेंटिमीटर, म्हणजे पिल्लू बाहेर घरंगळत नाही. खाली वर्तमानपत्रं, वर जुन्या सुती साडीचे तुकडे. टर्किश टॉवेल नको, फासांत नखं अडकतात.

कळा जोरात सुरू होऊन अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव दिसला, तर थांबू नका. रात्री सिझेरियन कोण करतं ते आधीच विचारून ठेवा. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जायचं तर वीसेक किलोमीटरचा रस्ताही हिशेबात धरा. आईने पिल्लाभोवतीची पिशवी फाडली नाही तर तुम्ही तोंडावरून फाडा, नाक पुसा, कोरड्या कपड्याने चोळा. नाळ पोटापासून तीन सेंटिमीटरवर दोऱ्याने बांधून कापा, टोकाला पोव्हिडोन आयोडीन लावा. पिल्लामागून पडणारी वार (जार) मोजा: जितकी पिल्लं तितक्या वारा.

आता खरं काम. पिल्लं दगावतात ती बहुधा भुकेआधी थंडीने. पहिल्या आठवड्यात त्यांना कापरं भरत नाही, स्वतःची ऊब धरता येत नाही. खोक्याच्या एका अर्ध्या भागात ३० अंश हवेत, कपड्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीने; दुसरा अर्धा भाग मोकळा, म्हणजे गरम झालं तर सरकता येतं. फेब्रुवारीत पहाटेची पिशवी चुकवू नका. एकमेकांवर चढून गच्च ढीग झाला तर थंडी, लांब लांब पसरून ओरडत असतील तर उष्णता. एकटं बाजूला पडलेलं गार पिल्लू आधी छातीशी धरून गरम करा. गार पोटात दूध पचत नाही, म्हणून बाटली नंतर.

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. रोज एकाच वेळी वजन, वहीत नोंद. जन्मतः ९० ते ११० ग्रॅम, रोजची वाढ १० ते १५, दहाव्या दिवशी दुप्पट. पहिल्या दिवशी थोडं घटलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीही घटलं तर वरचं दूध सुरू करा. सगळी पांढरीच असल्याने ओळखायला खाण्याच्या रंगाचा ठिपका लावा, एकाच्या मानेवर, एकाच्या पाठीवर. आई चाटून टाकेल, रोज पुन्हा लावा. गळ्यात दोरा कधीच नको.

वरचं दूध म्हणजे किटन मिल्क रिप्लेसर, मांजरीच्या पिल्लांसाठीचं तयार दूध. गाईच्या दुधाने जुलाब होतात. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, एका वेळी २ ते ४ मिली. पिल्लू पोटावर ठेवूनच पाजा. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं.

पाजणारी मांजरी थरथरू लागली, पाय ताठ टाकू लागली, लाळ गळू लागली तर कॅल्शियम घटलंय: तासाभरात डॉक्टरकडे. एक स्तन गरम आणि घट्ट लागला तरी त्याच दिवशी.

पिल्लांना चौथ्या आठवड्यापासून भिजवलेलं किटन फूड. जंताचं औषध दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला, वजन पाहून डॉक्टर सांगतील तितकं. आईलाही त्याच दिवशी, कारण जंत तिच्या दुधातून येतात. तिहेरी लस (तीन आजारांवरची) आठव्या-नवव्या आठवड्यात, मग महिन्याच्या अंतराने, रेबीज बाराव्यात. पिसवांसाठी कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध चुकूनही नको, मांजर मरतं.

बारा आठवड्यांआधी पिल्लू देऊ नका. घेणाऱ्याच्या बाल्कनीला जाळी आहे का ते पाहून द्या. सोबत लसीचं कार्ड, आठवड्याचं खाणं आणि खोक्यातल्या साडीचा न धुतलेला तुकडा.