रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तपासणीला जाण्याआधी

आईला एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) आहे, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. मागच्या वेळी फाइल चोख लावून नेली होती, तरी गुडघ्यासाठी ती घेत होती ती डायक्लोफेनॅकची गोळी सांगायची राहिली. चिठ्ठीवर नव्हती, म्हणून तिच्या लेखी ते औषधच नव्हतं. पुढच्याच महिन्यात तिला डांबरासारखी काळी, चिकट शी झाली, म्हणजे पोटात रक्तस्राव झाल्याची खूण. घरी आल्यावर उशीखाली पाकीट सापडलं, दहातल्या आठ गोळ्या संपलेल्या.

म्हणून आधी गोळ्या गोळा करा. चिठ्ठीवरच्या नव्हे, घरातल्या सगळ्या. पर्स, उशी, देवघराचा खण, सगळीकडे बघा. ‘औषधं कोणती घेता?’ असं विचारू नका, ‘दुखलं की काय घेता?’ असं विचारा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांतलं काहीही असलं तरी सांगायचंच, रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

रक्तस्रावाचा धोका मोजताना वय, आधीचा पक्षाघात बघतात, ते डॉक्टरांना ठाऊक असतंच. बीपी मात्र आठवडाभर लिहून न्या. वरचा आकडा 160 च्या पुढे जात असेल तर धोका वाढतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), लिव्हर आणि हिमोग्लोबिनचे रिपोर्ट ताजे हवेत. वजन अंदाजाने सांगू नका, त्याच दिवशी काट्यावर बघा. अपिक्साबान या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस ठरवताना वय 80 किंवा जास्त, वजन 60 किलो किंवा कमी, क्रिएटिनिन 1.5 किंवा जास्त, यांतल्या दोन गोष्टी जुळतात का हे बघतात. वॉरफरिन ही गोळी असेल तर आयएनआरचे (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) जुने सगळे आकडे तारखांसकट न्या. शेवटचा आकडा 2 ते 3 मध्ये बसला म्हणून निश्चिंत होऊ नका, आकडा सतत वरखाली होणं हाच धोका आहे.

हिरड्या, नाक, लघवी, शी यांतून कधी रक्त गेलं का, हे नीट विचारा. संकोचाने माणसं लपवतात. दारूचंही तसंच, चारचौघांत विचारू नका.

हॅस-ब्लेड स्कोअर (रक्तस्रावाचा धोका मोजणारे गुण) 3 किंवा जास्त आला तर घाबरून गोळी बंद करू नका, स्वतःच्या मनाने तर मुळीच नाही. गोळी सुटली की पक्षाघाताचा धोका परत येतो. त्या स्कोअरवरून सुधारता येण्यासारखं काय आहे ते शोधायचं असतं: बीपी, आयएनआर आणि तीच ती दुखण्याची गोळी.

बाकी फाइल, चष्मा, पाणी. निघताना पिशवी पुन्हा उघडा. दुखण्याची गोळी आत आहे ना?